साक्ष द्यायची आहे, पण खात्री नाही

मुळाकाठची (सोमवार, रात्री ११:४०)

येत्या रविवारी आमच्या आजीची स्मरणार्थ उपासना आहे, राहुरीजवळच्या गावात, तिच्याच मंडळीत. पाळकसाहेबांचा फोन आला, "नातीनं साक्ष द्यावी अशी आजींची इच्छा होती." मी हो म्हणून बसले. आता चार दिवस झाले, वही उघडते, 'प्रिय बंधुभगिनींनो' लिहिते आणि खोडते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात साक्ष देणं म्हणजे उपासनेत उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. साचा ठरलेला असतो. आधी मी कशी होते, मग काय घडलं, आता मी कशी आहे. शेवट 'मला सार्वकालिक जीवनाची खात्री आहे' असा, आणि मंडळी 'आमेन' म्हणते. लहानपणापासून अशा शेकडो साक्षी ऐकल्यात. दारू सुटलेले काका, मुलगा आयसीयूतून परत आलेली मावशी. काहींना तर तारणाची, म्हणजे पापातून सुटका होऊन देवाचं झाल्याची, तारीख जन्मतारखेसारखी पाठ असते. माझ्याकडे तारीख नाही. रविवारच्या शाळेत गेले, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करायचा विधी) झालं, लग्न झालं, पुण्यात बँकेत लागले, एवढंच.

आजी ९१ वर्षांची होती. तरुणपणी बायबलबाई म्हणून मिशनच्या कामात होती. वडाळा, नेवासा भागातल्या गावांमधून पायी हिंडायची, बायकांना वाचून दाखवायची, अक्षरं शिकवायची, बाळंतिणीला काढा द्यायची. माझ्या आठवणीतली आजी म्हणजे चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर शास्त्र (बायबलला आम्ही शास्त्रच म्हणतो), आणि रात्रभर चालू असलेला झिरोचा बल्ब. त्या बल्बवरून माझी नि आत्तेभावाची भांडणं व्हायची, कारण त्याला अंधाराशिवाय झोप यायची नाही.

गेली त्या रात्री आम्ही चौघं तिच्याजवळ होतो. आत्या चमच्यानं पाणी घालत होती. आजीनं डोळे उघडले, आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रडता कशाला? मी कुठं चाललेय ते मला म्हाईत हाय. कंदील मालवा आन् झोपा आता." घरात कंदील चाळीस वर्षांत नाही. आत्या म्हणाली, भ्रम झालाय. पहाटे साडेचारला गेली.

ती खात्री माझ्याकडे नाही. नास्तिक नाही मी. चर्चला जाते, अर्पण देते, संकटात प्रार्थना आपसूक तोंडात येते. पण मेल्यावर पुढे काय असं कुणी विचारलं तर 'माहीत नाही' हेच माझं खरं उत्तर. मग तिथे उभं राहून खोटं बोलू, की सरळ नाही म्हणून सांगू?

धर्मावर वाद नको, आधीच हात जोडते.

---

सोनकी (सोमवार, रात्री ११:५८)

वाचतेय. आजींना आदरांजली. कंदिलाचं वाक्य अंगावर आलं.

---

नवा_द्राक्षवेल (मंगळवार, सकाळी ६:१०)

जय ख्रिस्त ताई. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. खात्री नाही याचा अर्थ अजून तारण झालेलं नाही. योहानाचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, तेरावं वचन उघडा. सार्वकालिक जीवन तुम्हाला मिळालेलं आहे हे तुम्हाला *समजावं* म्हणून लिहितोय, असं तो म्हणतो. 'वाटावं' म्हणत नाही. मीसुद्धा जन्मानं ख्रिस्ती होतो, नावापुरता. १४ ऑगस्टच्या रात्री एका सभेत मी गुडघ्यावर आलो आणि माझं आयुष्य बदललं. त्या दिवसापासून एक क्षणही शंका आलेली नाही. तुम्हीही आज रात्रीच निर्णय घ्या, म्हणजे रविवारी खरी साक्ष देता येईल. प्रार्थना करतोय.

---

खडीसाखर (मंगळवार, सकाळी ८:३५)

एक क्षणही नाही? वा. आमच्याकडे तर गॅस बंद केला की नाही याचीही शंका दिवसातून तीनदा येते.

---

फळ्यावरचा_खडू (मंगळवार, दुपारी १:१५)

निवृत्त शिक्षक आहे, जन्म नगरचा, त्यामुळे थोडं लांबेल. घाई असलेल्यांनी पुढे जावं.

द्राक्षवेल, तुमच्या १४ ऑगस्टबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येकाच्या दारावर थाप एकाच पद्धतीनं पडते असं धरून चालू नका. आपल्याच मराठी मंडळीतली दोन माणसं बघा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. जगाच्या हिशेबानं त्या त्या दिवशी ख्रिस्ती झाल्या. पण १९०७ मध्ये त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली, तीत त्या म्हणतात की मला ख्रिस्ती *धर्म* मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मधे साधारण आठ वर्षं गेली. आणि ही आठ वर्षं रिकामी नव्हती बरं. त्या अमेरिकेत फिरल्या, व्याख्यानं दिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. विधवा मुलींसाठी घर उभं करणारी बाई, आणि आत म्हणावी तशी खात्री नाही! पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये.

दुसरं घर टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्याआधी दोन वर्षं आत घुसळण चालू होती. लक्ष्मीबाईंना तर पुढची पाच वर्षं लागली. नवरा कवी, नवरा वक्ता, तरी नवऱ्याच्या प्रवचनानं त्यांचं सोवळं सुटलं नाही. ते हळूहळू, पाण्याच्या घोटाघोटानं सुटलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता यातला तारणाचा क्षण कोणता, सांगा पाहू. मी वर्गात विचारला असता तर एकाही पोराला बरोबर उत्तर देता आलं नसतं, आणि मास्तरलाही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 'साक्ष' या शब्दामागे नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे तो 'मार्टिस'. त्याचा साधा अर्थ साक्षीदार, कोर्टातला असतो तसाच. पुढे साक्ष देता देता माणसं मारली गेली तेव्हा त्याच शब्दाला हुतात्मा हा अर्थ चिकटला. मुळात तो शब्द आवेशाचा नाही, पाहिलेलं सांगण्याचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायातला जन्मांध आठवा. शास्त्री-परुशी त्याला उलटसुलट विचारतात, तो माणूस पापी आहे की नाही ते सांग. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, एवढंच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. अख्ख्या शास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी साक्ष, आणि तिच्यात पहिलंच वाक्य 'मला ठाऊक नाही' असं आहे.

(अवांतर: बायबलबाईंचं काम कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. पाळकांचे फोटो चर्चच्या भिंतीवर लागतात, या बायांचे नाहीत. गावात दारापर्यंत पाळक जायचा, चुलीपर्यंत ह्या जायच्या.)

---

मुळाकाठची (मंगळवार, दुपारी २:०५)

सर, धन्यवाद. रमाबाईंची आठ वर्षं माहीत नव्हती. आमच्याकडे त्यांच्याबद्दल बोलताना हा भाग वगळतात बहुतेक.

चुलीपर्यंत जायच्या, हे अगदी खरं. आजीच्या शास्त्राच्या समासात वचनांच्या शेजारी गावांची नावं आणि बायकांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. एका ठिकाणी नुसतं 'हिला पोरगी झाली' असं लिहिलंय.

---

स्पष्टवक्ता (मंगळवार, दुपारी ४:२०)

म्हणजे आजी गावोगाव फिरून धर्मांतर करायच्या, सरळ सांगा ना. काढा, अक्षरं, मग पुस्तक. साक्ष वगैरे गोड शब्द झाले. गरिबाला भाकरी दाखवून नेलं, याला श्रद्धा म्हणायचं?

---

मुळाकाठची (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

वाद नको म्हटलं होतं, पण हे माझ्या घराबद्दल आहे म्हणून एकदाच लिहिते.

हो, आमचे पणजोबांचे वडील दुष्काळात ख्रिस्ती झाले. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा, दोन्ही दुष्काळांनी नगर जिल्हा भाजून काढला होता. गावकुसाबाहेरचं घर, विहिरीला हात लावायची बंदी. मिशननं खडी फोडायचं काम दिलं, धान्य दिलं, पोरांना शाळेत बसवलं. भाकरीसाठी गेले असतील. मला त्याची लाज वाटत नाही. उपाशी माणूस भाकरीकडेच जातो.

पण मग पुढचंही विचारा. दुष्काळ संपला, तरी ते परत का आले नाहीत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. आजोबांना कागदावर धर्म बदलला असता तर नोकरी मिळाली असती. भावकीतल्या काहींनी तसं केलं, त्यांनाही मी नावं ठेवत नाही. आजोबा ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहीत राहिले. भाकरीचं गणित तिथे उलटं होतं, तरी ते राहिले.

आजीनं किती जणांना ख्रिस्ती केलं? मला माहीत आहे तेवढ्यात एकालाही नाही. अक्षरं मात्र बऱ्याच बायकांना शिकवली. मिशनच्या अहवालात त्याचा रकाना होता का, कुणास ठाऊक.

---

तालुका_कोर्ट (मंगळवार, रात्री ८:१५)

स्पष्टवक्ता, कायद्याचं एवढंच: राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आपली श्रद्धा सांगायची मोकळीक आहे, समोरच्याला ओढायची नाही. अंत्यविधीनंतरच्या सभेत नातीनं आजीबद्दल बोलणं यातल्या कशातच बसत नाही. तेव्हा तो मुद्दा मिटला असं समजू.

धागाकर्तीच्या प्रश्नावर उद्या लिहितो, आज तीन तारखा होत्या, डोकं चालत नाही.

---

संपादक (मंगळवार, रात्री ९:००)

धर्मांतरावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे विषयाला धरून लिहावे.

---

केळीची_वखार (मंगळवार, रात्री १०:४५)

वसईहून. आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमची अडचण समजायला मला दोनदा वाचावं लागलं. आमच्या देवळात साक्ष देत नाहीत. मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, फादर बोलतात, आम्ही ठरलेली उत्तरं देतो, आणि कुणी मेलं की जेवताना आठवणी सांगतो. सभेत उभं राहून 'मी स्वर्गात जाणार' असं जर माझ्या बापानं म्हटलं असतं तर आईनं त्याला तिथेच खाली बसवलं असतं. आमच्याकडे तो आगाऊपणा. आगाऊपणा हा माझा शब्द, पण १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं असल्या फाजील खात्रीबद्दल बजावून ठेवलेलं आहे. देवावर पूर्ण भरवसा ठेव, स्वतःबद्दल मात्र छातीठोक बोलू नको, अशी ती शिकवण.

म्हणून आमचा शब्द 'आशा'. मारिया माउलीच्या प्रार्थनेत आम्ही रोज मागतो, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. एका माळेत त्रेपन्न वेळा. आजी (आमची) ती माळ केळीच्या बागेत पाणी सोडताना म्हणायची, पाटाच्या पाण्याबरोबर. जिला खात्री आहे तिनं त्रेपन्न वेळा कशाला मागावं? आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं कबरस्तान मेणबत्त्यांनी भरतं. गेलेल्यांसाठी आम्ही मागतो, कारण ते वाटेत आहेत असं आम्ही मानतो, शुद्धिस्थानात. पोहोचले असं जाहीर करायचा अधिकार आपला नाही.

लहानपणी मला हे फार भीतीदायक वाटायचं. आता वाटत नाही. मेलेल्या माणसाशी आपलं काहीतरी देणंघेणं चालू राहतं, हे बरंच वाटतं.

तेव्हा ताई, खात्री नसलेली साक्ष चालत नसेल तर आम्ही वसईचे सगळेच बाद!

---

नवा_द्राक्षवेल (मंगळवार, रात्री ११:१०)

शुद्धिस्थान शास्त्रात कुठे आहे ते दाखवा.

---

केळीची_वखार (मंगळवार, रात्री ११:१२)

झोपा आता.

---

तुळशीमाळ (बुधवार, सकाळी ७:०५)

मी वारकरी घरातला, तुमच्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण 'मी कुठं चाललेय ते म्हाईत हाय' हे वाचून तुकोबांचा निरोपाचा अभंग आठवला. आपल्या गावाला निघालेला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेतो तसा. माझे वडील गेले तेव्हा त्यांना असलं काही सुचलं नाही. म्हशीची धार कोण काढणार तेवढंच विचारत होते. तरी मला वाटतं तेही आपल्या गावालाच गेले.

---

फळ्यावरचा_खडू (बुधवार, सकाळी ९:३०)

तुळशीमाळ, टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूल दोन्ही बाजूंनी चालायला मोकळा असतो. तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं.

---

तालुका_कोर्ट (बुधवार, दुपारी १२:४०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी ख्रिस्ती नाही, देवबिव फारसा मानत नाही, पण साक्षीदार रोज बघतो. पंचवीस वर्षांत हजारभर तरी उलटतपासण्या घेतल्या असतील.

वाईट साक्षीदार दोन प्रकारचे. एक बोलत नाही. दुसरा, आणि हा जास्त घातक, जे पाहिलं नाही तेही सांगतो. 'आरोपीच्या मनात खून करायचं होतं' म्हणतो. मी विचारतो, मनात शिरला होतास का? संपली त्याची साक्ष. मग त्यानं खरोखर डोळ्यांनी पाहिलेलंही कुणी धरत नाही. चांगला साक्षीदार म्हणतो, साहेब, मी पाणंदीत उभा होतो, अंधार होता, आवाज ऐकला, पळताना एकाचा सदरा दिसला, तोंड दिसलं नाही. त्या 'तोंड दिसलं नाही'मुळेच न्यायाधीश सदऱ्यावर विश्वास ठेवतो.

आता तुमची केस. ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातली मेख फार कमी लोकांना ठाऊक असते. समजा प्रश्न असा आहे की स्वर्ग आहे का. मग 'आजी म्हणाली आहे' ही तुमची साक्ष ऐकीव, फेटाळली. पण प्रश्न जर असा असेल की तुमची आजी मरताना काय म्हणाली, कशी म्हणाली, आवाज कापत होता की नाही, तर तुम्ही स्वतः ऐकलंय. तो प्रत्यक्ष पुरावा आहे, एक नंबरचा.

दुसरं. मरणाऱ्याचं बोलणं कायद्यानं वेगळं धरलंय. मृत्युपूर्व जबाब म्हणतात त्याला. १८७२ च्या पुरावा कायद्यात ३२ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात २६ वं. बोलणारा हजर नसतो, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, तरी त्याचा शब्द घेतला जातो. अट एवढीच की तो मरणाच्या कारणाबद्दल किंवा ज्या घटनेतून मरण आलं तिच्याबद्दल असावा. तुमच्या आजी कारणाबद्दल बोलल्या नाहीत, पुढच्या मुक्कामाबद्दल बोलल्या. त्यामुळे आमच्याकडे टिकणार नाही. तुमच्याकडे टिकावा.

उभं राहा, शपथेवर असल्यासारखं जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढं सांगा, बसा. तोंड दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा.

---

खडीसाखर (बुधवार, दुपारी १:०२)

वकीलसाहेब, फी किती?

---

जुनी_घंटा (बुधवार, रात्री ९:२०)

मी धर्मशिक्षण घेतलेला, आता पाळकपण सोडून दुसरं काम करणारा. का सोडलं तो वेगळा धागा होईल.

तालुका_कोर्ट यांना +१. फक्त एक भर घालतो, कारण द्राक्षवेलांचं 'खात्री नाही म्हणजे तारण नाही' हे वाक्य ताईंच्या डोक्यात घोळत असणार. ते वाक्य प्रोटेस्टंट शिकवणीतही सरसकट बसत नाही. स्कॉटिश मिशनची मंडळी जो वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार घेऊन मुंबईला आली, तो १६४६ चा. त्याचा अठरावा अध्याय संपूर्ण याच विषयावर आहे. खात्री मिळू शकते, ती मिळवायची धडपड करावी, असं तो सांगतो. पण पुढे सांगतो की ही खात्री विश्वासाच्या गाभ्यातच असते असं नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी फार काळ थांबावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री हलूही शकते. ज्यांना आपण कडक म्हणतो त्या प्युरिटन लोकांनी हे लिहून ठेवलंय.

आणि खात्रीचा सगळ्यात मोठा प्रचारक जॉन वेस्ली, मेथडिस्टांचा मूळपुरुष. १७३६ च्या जानेवारीत तो जहाजानं अमेरिकेला चालला होता. वादळ आलं, शीड फाटलं, पाणी आत आलं, इंग्रज प्रवासी किंचाळायला लागले. त्याच जहाजावर मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाची जर्मन कुटुंबं होती, ती शांतपणे स्तोत्र म्हणत राहिली. वेस्लीनं नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं, भीती नाही वाटली? नाही. बायका-पोरांना? त्यांनाही मरणाची भीती नाही. वेस्ली तेव्हा दीक्षित पाळक होता, ऑक्सफर्डचा विद्वान होता, आणि त्याच्याकडे ते नव्हतं. पुढे २४ मे १७३८ ला लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमाराला, आपलं अंतःकरण विलक्षण उबदार झाल्याचं त्यानं लिहिलंय. बघा, तारखेसकट, वेळेसकट. द्राक्षवेलांच्या पंथाचे पूर्वज तेच.

पण त्याच वेस्लीनं १७६६ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, आपल्या भावाला एक खासगी पत्र लिहिलं. त्यात तो आत काहीच जाणवत नसल्याचं लिहितो, देवावर आपण कधी प्रेम केलंच नाही असंसुद्धा. आणि तरी पुढे पंचवीस वर्षं, मरेपर्यंत घोड्यावर आणि गाडीतून हिंडत उपदेश करत राहिला.

मला यात मोरावियन लोकांचा भाग आवडतो. त्यांनी वेस्लीला काही पटवून दिलं नाही. ते गात होते आणि तो बघत होता, बस्स.

---

नवा_द्राक्षवेल (बुधवार, रात्री १०:३०)

१७६६ चं पत्र माहीत नव्हतं. वाचून बघतो.

'एक क्षणही शंका नाही' हे मी लिहिलं ते पूर्ण खरं नाही. गेल्या वर्षी मुलगी आजारी होती तेव्हा दोन महिने प्रार्थनाच करता आली नाही. सभेत हे सांगितलेलं नाही. इथे सांगतोय कारण इथे मला कुणी ओळखत नाही.

---

सोनकी (बुधवार, रात्री १०:३४)

मुलगी आता बरी आहे ना?

---

नवा_द्राक्षवेल (बुधवार, रात्री १०:३६)

हो. शाळेत जाते.

---

रात्रपाळी (गुरुवार, पहाटे ३:५०)

नर्स आहे, बावीस वर्षं, त्यातली बरीच कॅन्सर वॉर्डात. मीही ख्रिस्ती, मिरजेकडची. आता पेशंट झोपलेत म्हणून लिहिते.

खात्रीवाले, बिनखात्रीवाले, नास्तिक, सगळे जाताना पाहिलेत. खात्री असलेली माणसं घाबरत नाहीत हे खोटं आहे. एक मोठे उपदेशक होते, नाव नको, त्यांनी शेवटचे तीन दिवस माझा हात सोडला नाही. युनिफॉर्म बदलायला जाते म्हटलं तरी सोडेनात. आणि एक भांडी घासणारी बाई होती, कुठल्या धर्माची तेही मला कळलं नाही, ती 'जाते ग पोरी' म्हणाली आणि कुशीवर वळली. यावरून कोण कुठे गेलं ते मी ठरवत नाही. मी चादर बदलते.

तुमच्या आजी जाताना आपली काळजी न करता तुम्हाला झोपा म्हणाल्या. हे मी फार कमी वेळा ऐकलंय.

---

मुळाकाठची (सोमवार, रात्री १०:१५)

झालं एकदाचं. ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी इथेच लिहिते.

भाषण लिहिलंच नाही. आजीचं शास्त्र हातात घेऊन उभी राहिले. माइक आधी किंचाळला, मग बंद पडला, मग कुणीतरी वायर हलवली. मी समासातली नावं वाचून दाखवली. सगळी नाही, वीसेक. 'हिला पोरगी झाली' वाचलं तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "ती मीच की!" आणि सगळे हसले. मग शेवटची रात्र सांगितली, आजीचे शब्द होते तसे. आणि म्हटलं, "तिला ठाऊक होतं. मला अजून ठाऊक नाही. पण तिला ठाऊक होतं हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तिचा आवाज कापत नव्हता." आणि बसले. आमेन यायला जरा वेळ लागला. मोठं नव्हतं, पण आलं. काकू नंतर म्हणाल्या, 'अजून ठाऊक नाही' हे नसतं म्हटलं तरी चाललं असतं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवला.

पण लिहायचं होतं ते वेगळंच.

जेवणाच्या पंगतीत आजीची एक मैत्रीण भेटली. आजीपेक्षा दोन वर्षांनी लहान, दोघी मिळून गावं करायच्या. वरणभाताचं ताट तिनं बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "कंदील मालवा म्हणाली? नक्की?" म्हटलं, हो, नक्की. भ्रम झाला होता म्हणतात.

ती म्हणाली, "आगं, भ्रम कसला? तुझी आजी आंधाराला लई भ्यायची. वस्तीवर मुक्काम पडला की रातभर कंदील ठिवायची, बारीक करून. रॉकेल मापानं मिळायचं, मी वरडायची तिला. सापाची भीती न्हाई, इंचवाची न्हाई, आन् आंधाराची कशी ग? तर म्हणायची, देवाला सांगितलंय, जित्ती हाय तवर दिवा राहू दे. इतकी वर्सं संगं हिंडले, तिनं मालवल्याला मी एकदाबी बघितला न्हाई."

मी झिरोच्या बल्बबद्दल तिला सांगितलं. आत्या शेजारीच उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं, तिची सख्खी आई असून.

---

तालुका_कोर्ट (सोमवार, रात्री १०:२८)

हा साक्षीदार आधी का नाही आणलात?

---

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे २:१५)

दोनदा वाचलं.

---

केळीची_वखार (मंगळवार, सकाळी ८:५०)

येत्या २ नोव्हेंबरला आमच्या आजीबरोबर तुमच्या आजीसाठीही एक मेणबत्ती लावू का? तुमच्यात चालत नाही म्हणतात, म्हणून विचारतोय.

---

मुळाकाठची (मंगळवार, सकाळी ९:१०)

आजीला चाललं नसतं. लावा.